तिसऱ्या मजल्याची ओली बादली

५ मार्च, बुधवार

मला लिहायची हौस नाही. चौथीनंतर पाटी सुटली ती सुटली. पाळकसाहेबांनी सांगितलं म्हणून बसले आहे. डायरी मुलाच्या, समीरच्या, पोलोग्राउंडच्या कारखान्यातून फुकट आलेली, वर पाण्याच्या पंपाचं चित्र. कवळी काढून वाटीत ठेवली. तोंड मोकळं असलं की माझं डोकं चालतं.

आजपासून उपवासकाळ. नवे पाळकसाहेब नाशिककडचे, मिसरूड आत्ता फुटलेलं, पण बोलतात नीट. म्हणाले, "मटण सोडलंत, साखर सोडलीत, त्यात प्रभूला काय मिळालं? त्यापेक्षा रोज एक माणूस शोधा, ज्याच्या तुम्ही उपयोगी पडाल. लांब जाऊ नका, उंबऱ्याबाहेर बघा. रोजचं लिहून ठेवा. ईस्टरला उपासना झाली की एकेकानं उठून साक्ष द्यायची."

साक्ष म्हटल्यावर आमच्या मंडळीचे, म्हणजे चर्चचे, पंच रामभाऊ लगेच ताठ बसले. माईक दिसला की त्यांचा संधिवात जातो.

मी मनात म्हटलं, मनोरमा, मुलगा कमावतो, सून शाळेत शिकवते, नात कॉलेजात. तुझे गुडघे गेले. तुझी गरज पडून पडून कोणाला पडणार? बघू.

६ मार्च, गुरुवार

सकाळी स्टेशनकडे गेले. आमच्या इंदुरात स्नेहलतागंजातून स्टेशन म्हणजे चार पावलं. म्हटलं, तिथे गरजू ढिगानं सापडतील. रस्त्याच्या कडेला एक म्हातारी उभी होती, माझ्यापेक्षा म्हातारी. तिचा हात धरला, रिक्षावाल्यांना डोळे दाखवत तिला पलीकडे नेलं. पलीकडे गेल्यावर ती म्हणते, "बेन, म्हारे तो वंईज ऊबो रेणो थो. छोरो लेवा आवेगो."

म्हणजे तिला तिथेच थांबायचं होतं. पुन्हा हात धरून परत आणली. तोवर तिचा छोरा आलेला, मोटारसायकलवर. माझ्यावरच ओरडला, "अम्मा को कहां ले जा रिये हो भिया?" भिया, म्हणजे भाऊ, म्हणे मला.

आभार एवढ्याचे की जाता-येता दोन्ही वेळा प्रभूनं आम्हा दोघींना गाडीखाली येऊ दिलं नाही.

९ मार्च, रविवार

रामभाऊंनी स्टेशनबाहेर पाणपोई लावली. पाणी कमी, बॅनर मोठा. बॅनरवर स्वतःचा फोटो.

मी घरी आल्यावर चिडचीड केली. सुनंदा म्हणाली, "आई, तुम्ही घरात बसून तांदूळ निवडलेत तरी मदतच आहे."

"तांदूळ निवडायची साक्ष देऊ का मंडळीत?"

ती हसली. मी निवडलेले तांदूळ ती माझ्या पाठीमागे पुन्हा निवडते. मी पाहिलं आहे, बोलले नाही. तेवढी मदत माझ्याकडून तिला रोजच असते.

१० मार्च, सोमवार

इंदुरात घड्याळ चुकेल, कचरागाडी चुकणार नाही. सकाळी गाणं वाजवत गल्लीत शिरली की बिल्डिंगीतले सगळे बादल्या घेऊन खाली. ओला एकीत, सुका एकीत, आणि हाताला लागेल असं, काच, ब्लेड, फुटका बल्ब, ते तिसरीत. निगमची, म्हणजे महापालिकेची, रामकन्या गाडीशी उभी असते आणि प्रत्येकाची बादली उघडून बघते. सुक्यात केळ्याचं साल सापडलं की कलेक्टर असला तरी बोलणी खातो. मला ती बाई आवडते.

आज दत्तोपंत लंगडत आले. आम्ही तळमजल्यावर, ते तिसऱ्या मजल्यावर, बरोबर आमच्या डोक्यावर. वीज ऑफिसातून रिटायर झालेले. आजोबा होळकरांच्या दप्तरात होते हे पाचव्या वाक्याला सांगितल्याशिवाय ज्यांचं सहावं वाक्य निघत नाही, ते. बायको शारदा दिवाळीच्या आधी गेली. ती माझी मैत्रीण. गॅलरीतून भाजीची टोपली दोरीनं खाली सोडायची आणि टोपली खाली येईपर्यंत सगळ्या गल्लीची बातमी माझ्याकडून वर ओढून घ्यायची. आता ते एकटे. मुलगी देवयानी हैदराबादला.

मी म्हटलं, "दत्तोपंत, गुडघा सुजलाय. आपल्याकडे लिफ्ट नाही. उद्यापासून तुमच्या बादल्या मी आणते."

त्यांनी पटकन खिशातून रुमाल काढला, तोंडावर धरला, मान फिरवली. "नको. मी आणीन." एवढंच. होळकर नाहीत, आजोबा नाहीत, काही नाही. भिंत धरत वर गेले.

मी सकाळी सुकट परतलेली. वास आला असेल साहेबांना.

१३ मार्च, गुरुवार

दोन दिवस ते खाली आले नाहीत. आज गाणं वाजलं आणि बघते तर वरून दोरी. शारदेची तीच निळी दोरी, टोकाला ओली बादली. मग सुकी. मग तिसरी. वर गॅलरीत दत्तोपंत, एका हातात दोरी, दुसऱ्या हातात तोंडावरचा रुमाल. मी सोडायची, गाडीत उलटायची, बांधायची. वरून मान हलवली. तेवढेच आभार.

चला, संधी मिळाली. वरून आली, दोरीला लटकून. अबोलीनं सुकी बादली माझ्या हातातून घेतली, म्हणाली, "आजी, एक मी टाकते, कॉलेजला जातेच आहे ना." कॉलेजला जायला तिला अजून तास होता.

देवबापाचे आभार. छोटं का होईना, काम दिलं.

१७ मार्च, सोमवार

रामकन्या आज मला म्हणाली, "अम्माजी, दादाजी के यां से गीला निकलता ई नी."

मी म्हटलं, "चहाची पत्ती असते की."

"बस वोई तो. पत्ती, पत्ती, पत्ती. छिलका नी, चावल नी. आदमी खाता क्या है?"

मी रोज ओतते आहे आणि मला दिसलं नाही. खरंच. कांद्याचं साल नाही, बटाट्याचं नाही, कोथिंबिरीचं देठ नाही. सुक्या बादलीत ग्लुकोज बिस्किटांचे कागद. माणसाच्या घरी चूल पेटते की नाही हे या गावात लपवायची सोय नाही.

१८ मार्च, मंगळवार

पिठलं केलं, लसूण जास्त घालून, शारदेला आवडायचं तसं. ज्वारीच्या दोन भाकरी, कडक, पापुद्रा सुटलेल्या. सुनंदा म्हणाली, "आई, त्यांना भात द्या की." मी म्हटलं, "भाकरी माझ्यासारखी अख्ख्या इंदुरात कोणाला येत नाही." शारदेच्या टोपलीत डबा ठेवून दोरीला गाठ मारली आणि हाक दिली. त्यांनी ओढून घेतला. रुमाल तोंडावर होताच.

आज मी पाळकसाहेबांना तोंड दाखवू शकते. आभार, प्रभू.

१९ मार्च, बुधवार. रंगपंचमी

राजवाड्याकडे गेरचा, रंगाच्या मिरवणुकीचा, गोंगाट, इथपर्यंत ढोल ऐकू येतात. गाडी लवकर आली. दोरी आली. ओली बादली उघडली तर वर माझ्या दोन्ही भाकऱ्या. ओल्या, फुगलेल्या, कडेला थोड्या कुरतडल्यासारख्या. उंदरानं खाव्या तशा.

डबा वेगळा आला. घासून लख्ख, आत साखरेची पुडी. भांडं रिकामं परत पाठवू नये एवढी रीत कळते. भाकरी फेकायची आणि साखर पाठवायची.

रामकन्यानं बादलीत पाहिलं, मग माझ्याकडे. काही बोलली नाही. ती बोलली असती तर बरं झालं असतं.

२० मार्च, गुरुवार

आज डबा नाही. बादल्या टाकल्या, कारण शब्द दिला होता.

माझी आजी नगरकडची. तिच्या लहानपणी पाटलाच्या विहिरीवर आमच्या लोकांना दोर धरायची मुभा नव्हती. ओंजळ करून खाली बसायचं, वरून कोणीतरी ओतायचं, भांड्याला हात लागू न देता. अर्धं पाणी कोपरावरून जायचं. मिशनच्या आवारात विहीर झाली तेव्हा तिनं पहिल्यांदा स्वतः दोर ओढला. म्हणायची, त्या दिवशी मी प्रभूची झाले, बाप्तिस्मा नंतर झाला.

आणि मी तिची नात, या वयात, खाली उभी राहून वरून सोडलेल्या दोरीची वाट बघते आहे. रुमाल कशाला होता ते आता कळलं. शारदा माझ्या हातचा चहा प्यायची, पण ती शारदा. हे कधी आमच्या उंबऱ्याच्या आत आले आहेत का?

शत्रूवर प्रीती करा हे मला पाठ आहे. शत्रूनं भाकरी बादलीत टाकली तर काय करावं, याचं वचन मला सापडत नाही.

आज कसलेही आभार नाहीत.

२३ मार्च, रविवार

देवयानीचा फोन आला, हैदराबादहून. "काकू, बाबा जेवतात ना नीट?"

मी म्हटलं, "मला काय माहीत. मी त्यांच्या ताटात बघत नाही."

ती म्हणाली, "फोनवर धड बोलत पण नाहीत. हां, हूं, ठेवतो. काकू, त्यांचं एकट्यानं चालत नसेल तर मी पुढच्या महिन्यात येते आणि त्यांना घेऊन जाते. फ्लॅट काढून टाकू. त्यांना सांगितलंय मी तसं."

"तुमचं घर, तुम्ही बघा," म्हटलं मी.

फोन ठेवल्यावर बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. शारदेनं त्या गॅलरीत तुळस, मोगरा, काय काय लावलेलं. जाऊ दे. मला काय.

उपासनेत रामभाऊंनी पाणपोईचे फोटो दाखवले.

२७ मार्च, गुरुवार

आज दोरी फार हळू आली. मध्येच थांबली, पुन्हा आली. ओली बादली हलकी असून भिंतीवर आपटत होती. वर बघितलं तर दत्तोपंत कठड्याला टेकलेले, चेहरा कागदासारखा.

बादलीत पत्ती. आता ती सुद्धा कमी.

अबोली म्हणाली, "आजी, ते ठीक नाहीयेत. जाऊन बघू या ना."

मी म्हटलं, "त्यांना चालणारं कोणीतरी जाऊन बघेल."

ती माझ्याकडे बघत राहिली. पोरीचे डोळे तिच्या आजोबांवर गेले आहेत. मला ते डोळे तेव्हाही आवडत नसत.

२८ मार्च, शुक्रवार

आज सगळं लिहिणार आहे. बोटं दुखली तरी.

तिसऱ्या बादलीत वर्तमानपत्राची पुडी होती, सुतळीनं बांधलेली. वर त्यांच्या वळणदार अक्षरात: फुटलेले आहे, हात सांभाळा. गाडीवाल्यांसाठी लिहिलेलं. मला वाटलं काच. रामकन्या कधी न बघता घेणार नाही, तिनं सुतळी सोडली.

"अम्माजी... ये तो दांत हैं."

कवळी होती. वरची. तीन तुकडे, आणि तुकड्यांना कडेनं पिवळा डिंक लागलेला. पुन्हा पुन्हा चिकटवून पाहिलेली.

गल्लीत दहा माणसं उभी. मी ती पुडी तिच्या हातातून ओढली आणि पदराखाली घेतली. "काच आहे," म्हटलं मोठ्यानं. रामकन्यापण शहाणी, ती ओरडली, "हां हां, कांच है, चलो आगे बढ़ो!"

मी घरात येऊन बसले. समोर वाटीत माझी कवळी पाण्यात. रोज सकाळी तिचं तोंड बघते मी. आणि मला कळू नये? रुमाल. हां, हूं, ठेवतो. कुरतडलेल्या भाकऱ्या, पाण्यात भिजवलेल्या. पिठलं बादलीत नव्हतंच! पिठल्याचा एक थेंब नव्हता. मी फक्त भाकऱ्या बघितल्या.

उठले. कवळी तोंडात घातली. शारदेला नेलं त्या दिवसानंतर पहिल्यांदा तो जिना चढले. प्रत्येक वळणावर बसले. दुसऱ्या मजल्यावर गुडघ्यांना अशा शिव्या दिल्या की पाळकसाहेब ऐकते तर मंडळीतून नाव काढलं असतं.

त्यांनी दार उघडलं. रुमाल तोंडावर. घर स्वच्छ, शारदेच्या फोटोला ताजा मोगरा. टेबलावर बिस्किटांचा पुडा आणि चहाची बशी, बुडवायला.

मी पुडीबद्दल बोलले नाही. बसले. "पाणी द्या."

स्टीलच्या पेल्यात आणलं, आणि माझ्या हातात दिलं. हाताला हात लागला. मी तोंड लावून प्याले. त्यांचं लक्षही नव्हतं, ते आपले रुमाल सांभाळत होते.

मग मी माझी कवळी काढली आणि त्यांच्या टेबलावर ठेवली, बिस्किटांच्या शेजारी.

"घरात मी घालत नाही," म्हटलं. "टोचते. तुमची कुठाय?"

दत्तोपंत उभेच राहिले. मी त्यांच्याकडे बघितलं नाही, मोगऱ्याकडे बघितलं. मग रुमाल खाली आला.

"फुटली," म्हणाले. फ नुसता वाऱ्यासारखा गेला. दात नसताना त्यांचं तोंड तान्ह्या बाळासारखं दिसतं. "बेसिनमध्ये धुताना. शारदा खाली वाटी धरायची."

शारदा धरायची खरी.

"मग दुसरी करायची होती."

"जिना कोण उतरणार? आणि तोंड घेऊन जायचं कसं? आणि देवयानीला कळलं तर ती हे घर..." त्यांनी हातानंच घर दाखवलं. मोगरा, गॅलरी, निळी दोरी. "तिला सांगू नका, मनोरमाबाई. मी हैदराबादला चार दिवस जगणार नाही."

"माझ्या भाकऱ्या बादलीत टाकल्यात."

त्यांची मान खाली. "पिठलं बोटानं पुसून खाल्लं. भाकरी पाण्यात भिजवली, दुधात भिजवली. नाही गेली. परत पाठवायची लाज वाटली. टाकताना जास्त वाटली."

"मी तुम्हाला इतके दिवस मनातून शिव्या दिल्या."

"भाकरीबद्दल?"

"मला वाटलं, माझ्या हातची म्हणून."

ते म्हणाले, "त्या शिव्या माझ्या आजोबांना दिल्या असत्यात तर बरोबर बसल्या असत्या."

होळकरांच्या दप्तरातले आजोबा, बरं का. पहिल्यांदा त्यांच्याबद्दल खरं बोलले. मी हसले, बोळक्या तोंडानं. मग तेही हसले, तसेच. दोन बोळकी आणि मध्ये एक कवळी. शारदा असती तर लोळली असती.

उतरताना मनात म्हटलं, या वेळी मी चुकले. म्हणून माझी आजी चुकली होती असं नाही. दोन्ही खरं आहे. प्रभूला दोन्ही माहीत आहे.

खाली आले तर सुनंदानं मऊ भात आणि मुगाचं वरण पातळ करून ठेवलेलं. मी काही सांगितलं नव्हतं. पुडी तेवढी वाटीशेजारी उघडी राहिली होती. "आज शाळा लवकर सुटली," म्हणाली. विचारलं कोणी?

आभार. रामकन्येच्या खोडीचे, सुतळीचे, गुडघ्यांचे सुद्धा.

३० मार्च, रविवार. पाडवा

वर गॅलरीत गुढी. काठीला निळी दोरी बांधलेली, दुसरी सापडली नसेल. त्यामुळे टोपली अडली. मी खालून ओरडले, "गुढी उतरली की श्रीखंड पाठवते, घाई नाही माझी." गुढी उतरली तेव्हा दुपार कलली होती. श्रीखंड सुनंदानं फ्रिजमध्ये ठेवलेलं म्हणून वाचलं.

३ एप्रिल, गुरुवार

कारखान्याला सुट्टी सांगून समीरनं दत्तोपंतांना खाली आणलं, खांद्यावर हात देऊन, एकेक पायरी. बिल्डिंगीत सांगितलं, गुडघा दाखवायला नेतो. गुडघाही दाखवलाच, खोटं नको. दाताची डॉक्टरीण अबोलीनं शोधली, अबोलीएवढीच पोरगी. मापाचा गोळा तोंडात असताना दत्तोपंतांनी तिला होळकरांबद्दल सांगायचा प्रयत्न केला. ती "हां अंकल, हां अंकल" करत राहिली. तिला स्वर्गात जागा आहे.

डबा रोज वर जातो. रव्याची लापशी, शेवयांची खीर, दहीभात, पिठलं. ओल्या बादलीत आता दुधीची सालं सुद्धा येतात. ते स्वतः भाजी शिजवायला लागले. लगदा करतात, पण करतात. मी खालून बादलीत बघून सांगते, साल फार जाड काढताय.

दाढी पण केली आज.

आभार. बादली जड येते आहे.

११ एप्रिल, शुक्रवार

दात आले. दोरीला बादली बांधता बांधता त्यांनी खाली वाकून दाखवले. मी म्हटलं, "आत घ्या, गल्लीला कशाला दाखवताय." रामकन्या म्हणाली, "दादाजी, हीरो लग रिये हो!"

उद्या देवयानी येते आहे. घर बंद करायला.

१२ एप्रिल, शनिवार

दुपारी भाकऱ्या केल्या. मुद्दाम कडक. पहिली फाटली. सुनंदा म्हणाली, "आई, मी करू?" मी म्हटलं, "ही माझीच पाहिजे."

आज दोरी देवयानीनं ओढली. मग मी ओट्यावर बसून राहिले. वर काय चाललं आहे ते कळेना. वरून नुसते आवाज, भांड्याचे. प्रार्थना केली. म्हटलं, प्रभू, तू पाच भाकऱ्यांत पाच हजार जेवू घातलेस. हा एक म्हातारा आहे आणि दोन भाकऱ्या. बघ जमतं का.

संध्याकाळी देवयानी खाली आली. डोळे लाल. "काकू, बाबांनी दोन भाकऱ्या खाल्ल्या. आवाज करत. आई गेल्यापासून मी त्यांना असं खाताना पाहिलं नव्हतं." मग म्हणाली, "तुम्ही फोनवर म्हणाला होतात, मी ताटात बघत नाही."

"ताटात नाहीच बघत," मी म्हटलं. "बादलीत बघते. रोज. ती खोटं बोलत नाही."

"मग राहू दे त्यांना इथे. तुम्ही आहात ना?"

मी म्हटलं, "मी कुठे जाते आहे."

आत येऊन सुनंदाला सांगितलं, त्यांचा डबा आता रोजचा धरायचा. ती म्हणाली, "मी कधीच धरलाय." शहाणी आहे. तोंडावर सांगणार नाही.

आभार. आभार. आणखी काय लिहू.

१८ एप्रिल, उत्तम शुक्रवार

तीन तासांची उपासना. गुडघे टेकता येत नाहीत, बसून ऐकलं. वधस्तंभावर ज्याला तहान लागली त्याला लोकांनी आंब, म्हणजे आंबट सिरका, दिली. मला पाण्याचा पेला आठवला, हातात दिलेला.

२० एप्रिल, ईस्टर

साक्षी झाल्या. रामभाऊ अर्धा तास. पाणपोई, बॅनर, स्टेशनमास्तर काय म्हणाले. कोणी रुग्णांना फळं वाटली, कोणी अंध मुलांना वाचून दाखवलं. चांगलं केलं सगळ्यांनी.

मग पाळकसाहेब म्हणाले, "आता साळवेआजी. आजी, तुम्ही लिहिताय असं कळलं."

उभी राहिले. माईक हातात आला. गोष्ट माझ्याजवळ होती, रामभाऊंच्या पाणपोईला बुडवेल अशी. तोंड उघडलं, कवळी घातलेली होती. आणि समोर दिसलं, आपल्या बिल्डिंगीतली दोन घरं मंडळीत आहेत. उद्या गाडीपाशी ती उभी राहतील. दत्तोपंत दोरी सोडतील. ती माणसं वर बघतील, त्यांच्या तोंडाकडे बघतील.

मी म्हटलं, "मी रोज कचरा टाकला."

मंडळी हसली. पाळकसाहेब म्हणाले, "आणि?"

"आणि काही नाही. गीला वेगळा, सूखा वेगळा. प्रभूचे आभार."

बसले. पाळकसाहेबांचं तोंड पडलं बिचाऱ्यांचं. रामभाऊ खुशीत. अबोलीनं माझा हात धरला आणि उपासना संपेपर्यंत सोडला नाही.

घरी येऊन मटण चढवलं. दत्तोपंतांसाठी वेगळ्या पातेल्यात वांग्याची भाजी, टोपली तयार ठेवली, हाक मारणार तेवढ्यात जिन्यावर टकटक. एक पायरी, थांबणं. एक पायरी, थांबणं. दारात दत्तोपंत, इस्त्रीचा शर्ट, हातात स्टीलचा डबा.

"दोरीनं सोडणार होतो," म्हणाले, "पण पिठलं पातळ झालंय. सांडलं असतं."

आणि चप्पल काढून उंबऱ्याच्या आत आले. डबा माझ्या हातात दिला. हातात. मग आमच्याबरोबर ताटावर बसले, समीरच्या शेजारी. सुनंदानं प्रार्थना केली तेव्हा त्यांनी पण डोळे मिटले, जरा लवकर उघडले. भाकरी मोडताना मोठा आवाज झाला आणि सगळे एकदम हसलो.

पिठलं करपलेलं होतं. मीठ दुप्पट. मी बोटानं पुसून खाल्लं.

२१ एप्रिल, सोमवार

सकाळी गाणं वाजलं. मी खाली उभी राहून वर बघते आहे, दोरी काही येईना. दोन हाका मारल्या. मग मागून आवाज, "इकडे, मनोरमाबाई." दत्तोपंत, तिन्ही बादल्या घेऊन, घामाघूम, गल्लीत माझ्या शेजारी.

म्हणजे माझी नोकरी गेली. चांगली हलकी नोकरी होती.

रामकन्यानं ओली बादली उचलली. "अरे बाप रे, दादाजी! आज तो भारी है." उघडली तर वर शेंगांची टरफलं, ढिगानं.

"शेंगदाणे?" मी म्हटलं. "त्या डॉक्टर पोरीनं काय सांगितलंय? भाकरी चालेल, दाणे-फुटाणे नाहीत महिनाभर! पुन्हा फुटली तर मी चढणार नाही तिसरा मजला, सांगून ठेवते."

ते हसले. सगळे दात बाहेर, भर गल्लीत, रुमाल कुठेही नाही.

"चढाल," म्हणाले.